पाटकऱ्याने पास केलेला बूट

उत्तमभाऊ लांबून येताना दिसले की लोक आधी त्यांच्या पायांकडे बघायचे. दोन पायांत बहुतेक दिवस दोन वेगळे बूट असायचे. डाव्यात पांढरा, उजव्यात करडा; एकाची नाडी कोरी, दुसऱ्याची मळून सुतळीसारखी झालेली. घोडेगावच्या बाजारात एखादा नवखा माणूस हसायचा. मग शेजारचा त्याला सांगायचा, "हसू नका पावणं, पाटकऱ्याची परीक्षा चालू हाय."

परीक्षा बुटांची असे. उत्तमभाऊ पाटकरी होते. कालव्याच्या कडेने रोज फिरायचं, चाऱ्यांची, म्हणजे कालव्याच्या फाट्यांची, दारं उघडायची, लावायची, कुणाची पाण्याची पाळी कधी सुरू होते नि कधी संपते ते बघायचं, हे त्यांचं काम. शिनोलीत घर आणि तिथून खाली त्यांच्या हद्दीचा कालवा. जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर तरी चालणं व्हायचं. सायकल होती, पण ती ते हातात धरून न्यायचे. सायकलवर बसलं की गळती दिसत नाही, म्हणायचे.

माझं घोडेगावात चपला-बुटांचं दुकान होतं. नव्वदीतली ती वर्षं. पोलीस भरतीचं वेड आंबेगाव-जुन्नरमध्ये गावोगाव शिरलं होतं. पहाटे रस्त्याने पळणारी पोरं-पोरी दिसायची, कुणी अनवाणी, कुणी शाळेच्या कॅनव्हासमध्ये. त्यांना परवडणारा बूट म्हणजे सगळ्यात खालच्या किमतीचा. त्या किमतीत पुण्याहून दर हंगामाला नवा माल यायचा. नवी पट्टी, नवा रंग. आत काय आहे ते घालणाऱ्याला महिन्याभराने कळायचं. उत्तमभाऊंना आठ दिवसांत कळायचं.

ते पहिल्यांदा दुकानात आले ते स्वतःसाठी बूट घ्यायला. सकाळी दहाची वेळ. मी जोड काढून पुढे ठेवला, तर म्हणाले, "आत्ता न्हाई घालत. संध्याकाळी येतो. सकाळचा पाय बारीक असतो, शेठ. आत्ता बसंल तो चार वाजता चावंल."

मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. संध्याकाळी खरंच आले, कालव्यावरून थेट, पायावर धूळ तशीच. आधी बुटात हात घातला आणि डोळे मिटून आतली शिलाई बोटाने चाचपली. मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवला. "बोटं वाकतात तिथं बूट वाकला पायजे. हा बघा, मधीच मोडतोय. ह्याच्यात पाय कसा पळायचा?" तो जोड ठेवून दुसरा घेतला. त्याची टाच अंगठ्याने दाबली, दाबून धरली, सोडली, आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत बसले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तीही बघत बसली.

तेव्हापासून ते सुरू झालं. नवा नमुना आला की मी एक जोड त्यांना द्यायचो. ते त्यातला एकच बूट घालायचे. दुसऱ्या पायात आधी पसंत केलेला जुना. तीन दिवसांनी पायांची अदलाबदल. "एकाच जोडात चाललं की पाय त्याची सवय करून घेतो नि गप बसतो. दोन पायांत दोन असले की भांडण कळतं," असं त्यांचं म्हणणं. कालव्याच्या मुरमाच्या रस्त्यावर ते नुसते चालायचे नाहीत. एका दारापासून पुढच्या दारापर्यंत पळायचे. चाळिशी उलटलेला माणूस, पाटबंधारे खात्याची खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात दाराची किल्ली, धावतोय. एक दिवस मुद्दाम पाण्यात पाय घालायचे आणि आतली गादी सरकते का ते बघायचे. एकदा मोज्यावर, एकदा मोज्याशिवाय, कारण पळणाऱ्या निम्म्या पोरांकडे मोजे नसायचे.

मग निकाल. निकाल तीनच असायचे. चालण्याचा, पळण्याचा आणि फोटोचा. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा चकचकीत बूट आला की पोरांच्या उड्या पडायच्या, आणि उत्तमभाऊ बाकावर बसून शांतपणे सांगायचे, "फोटोचा हाय. लग्नात घाल." पळण्याचा म्हटलं तरी तिथं थांबायचे नाहीत. हा बूट काय करणार नाही ते आधी सांगायचे. "डांबरावर तीन महिने. पुढं टाच बसणार. टाच बसली की नडगी दुखंल, तवा नडगीला तेल चोळत बसू नको, बूट बदल." इतक्या कमी पैशात चांगला बूट मिळत नसतो, त्यातल्या त्यात कमी वाईट निवडायचा असतो, हे ते सगळ्यांना तोंडावर सांगत. माझ्या दुकानात बसून. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे लक्षात आलं की त्यांनी वाईट म्हणून सांगितलेल्या गोष्टींमुळेच माझा माल खपतो.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. ओट्यावर फळीवर ओळीने कापलेले बूट. झिजलेला प्रत्येक बूट ते करवतीच्या पात्याने टाचेपासून बोटापर्यंत उभा चिरायचे आणि आतला फोम कुठं किती बसला ते बघायचे. घरात बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे ताजी फुलं आणि बाहेर ही चिरलेल्या बुटांची रांग. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "पावणं येत्यात ते इचारत्यात, हे काय मांडलंय. काय सांगू? मला तर वाटतं एक दिस मला पण चिरून बघत्यात का काय." उत्तमभाऊ म्हणाले, "तुला कशाला? तुझी गॅरंटी हाय."

एक जोडही त्यांनी फुकट घेतला नाही. परीक्षा झाली की पुसून परत. आवडला तर पैसे देऊन घ्यायचे. एका दिवाळीत माझ्या बायकोने त्यांच्या मुलीसाठी सॅंडल पाठवली, तर ती दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरच्या हाती परत आली. पुडक्यावर लिहिलेलं, 'वहिनींस नमस्कार. माप बरोबर होते.'

हे त्यांचं नोकरीतलंच वळण. पाटकऱ्याला सगळे देऊ बघतात. दार अर्धा तास जास्त उघडं ठेवलं तर एकाचा ऊस भिजतो आणि शेवटच्याचा वाळतो. म्हणून पाणी सुटलेलं असेपर्यंत ते कुणाच्या घरी चहा घ्यायचे नाहीत. पाणीसुद्धा नाही. खांद्याला घरची बाटली. चारीच्या अगदी शेवटी नानांची जमीन होती. नाना तोंडाळ, पण मनात ठेवणारे नव्हते. शेवटच्या शेताला पाणी नेहमी उशिरा आणि कमी पोचतं, त्यामुळे पाटकऱ्यावर त्यांचा कायमचा रोख. एकदा ते माझ्यासमोरच म्हणाले, "एवढा पाट वाहतोय बाजूनं, अन् तू घरनं बाटली आणतोस? लईच सोवळा रं तू."

"पाटातलं तुमचं हाय, नाना," उत्तमभाऊ म्हणाले. "मोजून दिलेलं हाय."

नाना हसले. पण हसता हसता त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघू, किती दिवस.

नानांची पुतणी सुरेखा. वडील नव्हते, नानांनीच वाढवलेली. भरतीसाठी पळायची, आणि चांगली पळायची. तिच्या मापाचा पळण्याचा बूट त्या काळात आमच्याकडे येतच नसे. पोरांचा लहान नंबर घ्यावा लागायचा आणि त्यात टाच निसटायची. ती कागदाचा बोळा घालून पळायची. उत्तमभाऊंनी तिला बाकावर बसवलं. सगळ्यात वरचं भोक, जे आम्ही सगळे शोभेचं समजून रिकामं सोडतो, त्यातून नाडी बाहेरून आत घेतली, दोन्ही बाजूंना छोटा फास ठेवला, नाडीची टोकं समोरच्या फासातून ओवली आणि खाली खेचली. टाच जागच्या जागी बसली.

"काका, हे कुठं शिकलात?"

"तुझ्यासारखाच एक बूट व्हता. निसटत व्हता. फेकून द्यायला पैसे नव्हते."

पुढे तालुक्यातली निम्मी पोरं तशी नाडी बांधायला लागली.

मी पाटी लावली ती त्याच सुमारास. पुठ्ठ्यावर स्केचपेनने, 'पाटकऱ्यांनी पास केलेला बूट'. त्यांना न विचारता. त्यांनी ती वाचली, बराच वेळ वाचली, आणि म्हणाले, "लावा. पण मी म्हणंल त्याच मालावर. अन् माल आला की त्यातला एक जोड परत मला दाखवायचा. नमुना येगळा नि माल येगळा, असं व्हतं कधी कधी." मी कबूल केलं. पाच-सहा हंगाम ते पाळलंही. नारायणगावपासून पोरं यायची आणि आल्या आल्या पाटी कुठल्या खोक्यावर आहे ते बघायची.

आता त्या हंगामाचं सांगतो.

निळ्या पट्टीचा एक नमुना पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याने पाठवला. उत्तमभाऊंनी दहा दिवस घातला आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत ह्या किमतीला असा बूट न्हाई आला." पुढच्या टोकाला सोल नुसता चिकटवलेला नव्हता, शिवलेला होता, हे त्यांनी मला नखाने दाखवलं. "हितं पळताना जोर येतो. हितली शिलाई बघून घ्यायची." मी साठ जोड मागवले.

माल आला. पहिलं खोकं उघडलं आणि बूट हातात घेतला तेव्हाच मला कळलं. वजनाला हलका. निळी पट्टी तीच, खोकं तेच, शिक्का तोच. टोकाला शिलाईसारखी दिसणारी रेघ होती, पण ती साच्यातच उठवलेली. दोरा नव्हता. सगळा चिकटवलेला माल. मी टाच दाबली, खड्डा तसाच राहिला. ही दाबण्याची रीत मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

भरती तीन आठवड्यांवर होती. माल परत पाठवला असता तर तो हंगाम रिकामा गेला असता. एवढंच. याहून मोठं कारण मी आजवर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. घरी कुणी आजारी नव्हतं, मला कसली नड नव्हती. मी पुठ्ठ्याची पाटी उचलली आणि निळ्या पट्टीच्या खोक्यांवर ठेवली.

उत्तमभाऊंचं तेव्हा आवर्तन चालू होतं, कालव्याला पाणी सुटलेलं. त्यांना बाजारात यायला फुरसत नव्हती. तरी एकदा आले, उभ्या उभ्या. "माल आला म्हणं? एक जोड द्या, बघतो."

"तोच आहे, भाऊ. कशाला परत? संपतच आलाय."

त्यांनी फळीवरच्या खोक्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." किल्ली उचलली आणि गेले. इतक्या वर्षांत त्यांनी हट्ट सोडला तो तेवढा एकदाच. माझ्या शब्दावर.

सुरेखाने त्याच मालातला जोड नेला. पाटी बघून नेला.

भरतीच्या मैदानावर शेवटच्या फेरीत तिच्या उजव्या बुटाचा सोल टोकाला उकलला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. ती अडखळली, गुडघ्यावर आपटली. दोन्ही बूट काढायचे तर ती वरच्या भोकातली गाठ सुटेना. उकललेला बूट नखांनी कसाबसा सोडवला, दुसरा तसाच ठेवून पळाली. वेळेत बसली नाही. भरती थोडक्यात हुकली.

पुढच्या बाजारच्या दिवशी नाना दुकानात आले. हातात तो बूट. मागे सुरेखा, गुडघ्याला पट्टी. नेमके उत्तमभाऊ बाकावर बसलेले. आवर्तन संपून ते बऱ्याच दिवसांनी आले होते. दुकानात आणि दुकानासमोर दहा-पंधरा माणसं तरी असतील.

नाना माझ्याशी बोललेच नाहीत. बूट त्यांनी उत्तमभाऊंच्या मांडीवर टाकला. "हे तुझं पास केलेलं."

उत्तमभाऊंनी सुरेखाच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग बूट हातात घेतला. वाकवला. टाच दाबली. टोकावरून नख फिरवलं, जिथं दोरा असायला हवा होता तिथून, एकदा आणि पुन्हा एकदा. मी गल्ल्यामागे उभा होतो. नमुन्याचा खरा जोड माझ्या डोक्यावर, माळ्यावर, कापडाखाली ठेवलेला. हात वर केला असता तर लागला असता.

"किती जोड दिले रं यानं तुला?" नाना म्हणाले. "कालव्यावर बाटली घेऊन फिरतोस. हितं आत काय चालतं ते कुणी बघितलंय? बुटाचं खोटं सांगतोस, तर आमच्या पाण्याचं काय खरं सांगत असशील?"

गर्दीतून कुणीतरी हुंकार दिला. लोकांना विश्वास ठेवायला इतका थोडा वेळ का लागला, याचं एक कारण सगळ्यांना माहीत होतं, मलाही. उत्तमभाऊंचं घर गावाच्या कुठल्या बाजूला होतं ते कुणी विसरलेलं नव्हतं. त्यांच्याजागी आमच्या भावकीतला कुणी असता तर नानांनी आधी मला धरलं असतं.

उत्तमभाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "शेठ, मी तपासला तो हाच का?"

इतक्या लोकांत त्यांनी प्रश्न मला विचारला. मी एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. माल गेला असता, माझं नाव गेलं असतं. त्यांचं राहिलं असतं.

"हाच की, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी बूट खाली ठेवला. नीट, टोक दाराकडे करून, जसा दुकानात मांडतात तसा. "मग चूक माझी झाली, नाना," ते म्हणाले. सुरेखाला म्हणाले, "पोरी, गुडघ्याला पाणी लागू देऊ नको." आणि उठून गेले.

त्यांना कळलं होतं का? मी इतकी वर्षं हे स्वतःला विचारतो. नख दोनदा फिरवलं होतं, म्हणजे कळलं असणार, असं एकदा वाटतं. मग वाटतं, नाही, त्यांनी माझ्या शब्दावर आपल्या बोटांना खोटं ठरवलं. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

सुरेखाचं पुढे बरं झालं. पुढच्या वर्षी तिने पुण्याहून बूट आणला आणि ती पोलिसात लागली. नानांनी पेढे वाटले, मलाही दिले. लोक माझ्यावर रागावलेच नाहीत. दुकानदार माल विकणारच, असंच सगळे धरून चालले. विश्वास माझ्यावर कधी नव्हताच. तो पाटीवरच्या माणसावर होता.

पुढच्या आवर्तनाला लोक दारांवर घड्याळ घेऊन उभे राहायला लागले. उत्तमभाऊ दार लावत असले की शेजारी दोघं-तिघं मिनिटं मोजत. शेवटच्या शेतात पाणी कमी पोचलं की कुणीतरी बुटांचं नाव काढायचं. "पाटकरी, ह्या पाळीचे किती जोड झाले?" ते हसण्यावारी नेत, असं म्हणतात. मी ऐकलंय, पाहिलं नाही. मी त्या बाजूला जायचंच सोडलं होतं. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच जुन्नरकडे बदली मागून घेतली. जायच्या आधी ओट्यावरचे चिरलेले बूट त्यांनी खड्डा करून पुरले. हे त्यांच्या शेजाऱ्याने मला सांगितलं, हसत हसत.

माळ्यावरचा जोड मी पावसाळ्याआधी एका वाटसरूला विकला. काही वर्षांनी दुकानही बंद केलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते आळेफाट्याला. दोन हजार साल उलटून बरीच वर्षं झाली होती. मी नगरच्या गाडीची वाट बघत एका हॉटेलात चहा घेत होतो आणि शेजारच्या टेबलावर ते. निवृत्त झालेले, केस पांढरे. पायांत काळ्या रबरी चपला. मी ओळख दिली. त्यांनी शेजारी जागा करून दिली, घरचं विचारलं, वहिनींचं विचारलं. मला चहा सांगितला. मी नको म्हणालो तरी सांगितला. दहा मिनिटं आम्ही ऊस, एसटी, गुडघे असं बोललो. इतकी वर्षं न बोललेलं ते वाक्य माझ्या तोंडात दोनदा आलं.

हॉटेलवाला त्यांना ओळखत होता. टेबल पुसता पुसता म्हणाला, "पाटकरी, बरं झालं भेटलात. आमची पोर भरतीचं पळतीय. बूट घ्यायचाय, लई भारी नको. तुमाला त्यातलं कळतं म्हणं."

उत्तमभाऊ कपाकडे बघत म्हणाले, "मला न्हाई कळत त्यातलं, पावणं."

"आवं, कालव्यावरची लोकं सांगत्यात की—"

"सांगत असतील. मला न्हाई कळत." मग त्यांनी माझ्याकडे हात केला. आवाजात टोमणा नव्हता; असता तर बरं झालं असतं. "हे दुकानदार. ह्यांना इचारा. ह्यांनी लई बूट विकलेत."

तेवढ्यात नाशिकची गाडी लागली. ते उठले, पिशवी घेतली, दोन्ही चहाचे पैसे टेबलावर ठेवले आणि "येतो, शेठ" म्हणून गेले. गर्दीत दरवाजापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. मी बसून बघत होतो. ते पायरीवर चढले, आत गेले, खिडकीशी जागा मिळाली. गाडीने हॉर्न दिला आणि ती पुलाकडे वळली.

हॉटेलवाला फडकं हातात घेऊन तसाच उभा होता. "मग? कुठला घ्यावा?"

"त्यांना कळतं," मी म्हणालो. "साऱ्या तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यांनी पास केलेला बूट वेगळा होता. मी वेगळा विकला, आणि लोकांसमोर तोच आहे म्हणून सांगितलं."

त्याला अर्थातच काही संदर्भ लागला नाही. त्याने रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग हे आत्ता त्यांच्याफुडं बोलायचं व्हतं की," तो म्हणाला, आणि कप उचलून घेऊन गेला.